हो का न्हाई, एवढंच सांग

टीव्हीवर चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर खेकसत होती, आणि पाचवा त्या चौघांवर. "हो की नाही, एवढंच सांगा," असं तो पाचवा सारखा ओरडत होता. अन् कुणी सांगायला तोंड उघडलं की लगेच दुसऱ्याकडे वळत होता. विषय म्हणे दुष्काळाचा. छबुबाईला वाटलं, मेल्यांच्या ह्या कालव्यानं आलेला ढगसुद्धा माघारी जायचा.

उमापुरातल्या त्या पत्र्याच्या खोलीत दुपारचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. तिचा लेक उत्तरेश्वर एक डोळा टीव्हीवर ठेवून फोनवर मुकादमाशी बोलत होता. दिवाळी झाली की टोळी ऊसतोडीला कर्नाटकात निघणार, अन् त्याआधी उत्तरेश्वरच्या बायकोची, तुळजाची, गर्भपिशवी काढून घ्यायची असं त्याचं अन् मुकादमाचं ठरलं होतं. तिचं पोट दुखायचं, कामाचे खाडे पडायचे. डॉक्टरनंही काढा म्हणून सांगितलं होतं. टोळीतल्या कितीतरी बायांनी काढली होती, त्यात काय एवढं? उद्या सकाळी दवाखान्यात न्यायला गाडी येणार होती.

"जायचं ना उद्या? हो का न्हाई, एवढंच सांग," फोनवर हात ठेवून त्यानं तुळजाला विचारलं. तिनं परातीतून मान वर केली, ओठ हलवले. तेवढ्यात "हां मुकादम, येती ती," म्हणत तो अंगणात गेलासुद्धा.

छबुबाईचं सकाळपासून मन थाऱ्यावर नव्हतं. दारात जायची, आत यायची, उगीच गोधडी झटकायची. अन् राहून राहून तिला ती टीव्हीतली मुलाखतवाली बाई आठवत होती.

सहकारी कारखाना चालू होता तेव्हाची गोष्ट. पुढं पाण्यावाचून ऊस गेला अन् उसावाचून कारखाना गेला, ते सोडा. तेव्हा रात्री तोड आटोपून सगळे कोप्यांत, त्या पाचटाच्या झोपड्यांत, आडवे व्हायचे, आणि कारखान्याच्या कँटीनमधल्या टीव्हीवर दिवसातला शेवटचा, त्या बाईचा कार्यक्रम लागायचा. दोन वेताच्या खुर्च्या आणि गप्पा. घाई नाही, गर्दी नाही. समोर कधी गाणारी म्हातारी, कधी बी-बियाण्यातला कुणी जाणता. बाई एक प्रश्न विचारायची अन् चक्क गप्प बसायची. समोरचं माणूसही गप्प. टीव्ही बिघडला की काय वाटावं, इतकं गप्प. मग ते माणूस असं काही बोलून जायचं की छबुबाईची झोप पार उडायची. बाया हसायच्या, तुला त्यातलं काय कळतंय म्हणायच्या. बरंचसं नव्हतंच कळत. पण एकानं विचारावं अन् दुसऱ्यासाठी थांबावं, हे बघूनच तिला लई बरं वाटायचं. त्या थकल्या अंगानं ती जागत बसायची ती तेवढ्यासाठी. तसा कार्यक्रम पुन्हा कुठं लागला नाही.

तिनं टीव्ही बंद केला. उत्तरेश्वर आत आला तशी त्याच्या हातात घागर दिली. टँकर आलाय, नंबर धर म्हणाली. तो कुरकुरत गेला.

घरात खुर्ची एकच, प्लास्टिकची, तीही आल्यागेल्यासाठी. ती तिनं ओढली आणि सुनेला म्हणाली, बस. सासूपुढं खुर्चीवर? तुळजा लाजून अर्धी झाली, तिला दंडाला धरून बसवावं लागलं. छबुबाईनं तिच्या हातात पाण्याचा गिलास दिला अन् आपण खाली भुईवर बसली.

"तर तुळजाबाई," ती त्या बाईसारखं शुद्ध बोलायला गेली, "उद्याचं आपल्याला काय वाटतं, ते सांगा."

तुळजा पदरात तोंड घालून हसली. छबुबाई गप्प बसली. बाई बाई, काय अवघड काम ते! जिभेवर नुसती रांग लागली होती. भिऊ नको म्हणावं, शेजारची साखराबाई कशी चार दिवसांत उठली ते सांगावं, आपण आहोत ना म्हणावं. सगळं तिनं गिळून टाकलं. बाहेर टँकरपाशी भांडणं जुंपली होती. तुळजाचं हसू हळूहळू ओसरलं. ती घोटभर पाणी प्याली.

"आत्या, त्या डॉक्टरनं माज्याकडं बघितलंबी न्हाई," ती शेवटी म्हणाली. "समदं ह्यांच्याशीच बोलला."

छबुबाई थांबली.

"मला न्हाई काढायची. दुखतंय ते दुसऱ्या कुणाला तरी दाखवावं वाटतं पयलं." मग एकदम तिनं विचारलं, "तुमची काढली, तवा तुमाला काय वाटलं हुतं?"

छबुबाईनं तोंड उघडलं. तिशीसुद्धा गाठली नव्हती तेव्हा. नवऱ्यानं चल म्हटलं, ती गेली. जखम पुरती वाळायच्या आत डोक्यावर उसाची मोळी होती. काय वाटलं होतं? शोधूनही तिला सापडेना. मग तिला राग आला. इतक्या वर्षांचा राग, आणि काढायचा कुणावर तेही कळेना, म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

उत्तरेश्वर घागर घेऊन आला. फोन कानालाच. "माय, मुकादम इचारतोय, गाडी कवा धाडू?"

"गाडी नको म्हणून सांग."

"अगं, तो म्हणंल कावून नको? काय सांगू त्याला?"

नवऱ्याला बघून तुळजा उठायला लागली होती. छबुबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खुर्चीतच बसवलं.

"सांग त्याला," ती म्हणाली, "आमी तिला इचारलं."