नकाराची सही

गर्भातच बाळाचा सिकलसेल हा रक्ताचा आजार दुरुस्त करून घ्यायला केशरबाईंनी नकार दिला होता, म्हणून त्यांच्या मुलाने, बावीस वर्षांच्या दिलवरने, त्यांच्यावर खटला भरला होता.

“तुम्हाला कोणी नीट समजावलं नसेल,” केशरबाईंच्या वकिलाने कोर्टात सुटकेची वाट दाखवली.

“समजावलं होतं,” त्या म्हणाल्या. “पण त्या दुरुस्तीतच माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. हा तरी जगावा म्हणून नाही म्हटलं.”

दिलवरला हे आजच कळत होतं. दुखणारे गुडघे आवळत तो म्हणाला, “आई, दर महिन्याला मी गुरासारखा ओरडतो. याला जगणं म्हणायचं?”

केशरबाईंनी त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाल्या, “साहेब, चूक माझी. तसंच लिहा.”

खटला जिंकलेला दिलवर मान खाली घालून रडू लागला.