आत्याचा मान

मेलेनाइते आत्या भावाच्या उशाशी, मानाच्या जागी बसली होती. म्हणजे बसला होता तो फक्त तिचा चेहरा. बाकीची आत्या ऑकलंडमध्ये होती. शवपेटीच्या डोक्याकडे चटयांची चळत रचून त्यावर शाळेचा लॅपटॉप ठेवला होता, आणि त्याला इंटरनेट मिळत होतं लुपेच्या मोबाइलवरून. दोन दिवस स्तोत्रांचे व्हिडिओ परदेशी धाडून साऱ्या गावाचा डेटा संपला होता. रिचार्ज विकणारा एकुलता एक दुकानदार इथंच पहिल्या रांगेत गात होता.

लुपे दाराशी उभी होती. पेटीत तिचा बाप होता. पण इथं टोंगा बेटांवर बापापुढे लेकरं कायम खालच्या पायरीवर, आणि बाप मेल्यावर तर फारच. अंगाला फाटकी चटई गुंडाळायची, कमरेला दोर बांधायचा आणि परसातल्या चुलाणावर राबायचं. मान बापाच्या बहिणीचा. ती तोंडानं जे मागेल ते तिचं. एकदा मागितलं की कुणाला नाही म्हणायची सोय नाही.

आत्या काय मागणार हे लुपेला ठाऊक होतं. बापाच्या अंगाखाली आईनं विणलेली बारीक विणीची, मोलाची चटई होती. ती विणताना आईचे डोळे गेले होते. मला हिच्यातच गुंडाळा, असं बाप शेवटपर्यंत सांगत होता. आत्यानं कालच फोनवर बजावलं होतं, “ती पेटीत राहता कामा नये. मातीत घालायला का विणलीय? उद्या चारचौघांत मागून घेईन मी.”

चटईचं दुःख होतंच, पण लुपेच्या पोटातली आग वेगळी होती. बाप पाच महिने अंथरुणाला खिळला होता. दर रविवारी ती त्याचं तोंड धुवायची, त्याला पांढरा सदरा घालायची, हाच लॅपटॉप आणून मोबाइलला जोडायची आणि उशाशी ठेवायची. आत्या यायची, डुकरं किती झाली विचारायची, गावाला उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे हुकूम द्यायची. भावाची जड जीभ हलायला लागली की मात्र गोड आवाजात म्हणायची, “इथं लाइन नीट येत नाही रे.” आणि गुडूप. बाप काळ्या पडद्याकडे बघत बसायचा. बिचारीकडे लाइनच नाही, पुढच्या रविवारी बघू, म्हणायचा. आत्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका नंतर तासभर तसाच पेटलेला असायचा. लुपेनं तो बापाला कधी दाखवला नाही.

गाणं थांबलं. घराच्या वतीनं बोलणारा म्हातारा हाविली मांडी घालून पुढं सरकला आणि मानकरणीनं आपली इच्छा सांगावी, असं म्हणाला. आत्यानं घसा साफ केला. तेवढ्यात तिची नजर दाराकडे गेली.

“ती पोरगी तिथं काय करतेय? खालच्या माणसांची जागा चुलाणाशी. हाविली, रीत विसरलात की काय?”

साऱ्यांनी माना खाली घातल्या. लुपेनंही घातली.

“चुकले, आत्या. जाते.”

ती निघाली. मोबाइल तिच्या कमरेला होता, चटईच्या आत. चुलाण आवाराच्या पार टोकाला, निरफणसाच्या झाडांपलीकडे होतं. लुपेनं घाई केली नाही. मागून आत्याचा आवाज येत होता, “तर हाविली, माझ्या वहिनीनं विणलेली ती...” लुपे पाण्याच्या टाकीपाशी पोचली तेव्हा तो तुटक झाला. टाकी ओलांडल्यावर बंदच पडला.

ती बायकांत बसून अळूचे कंद सोलू लागली. जरा वेळानं लॅपटॉप सांभाळणारा सेमीसी मास्तर धावत आला. तो तिचा चुलतभाऊ, म्हणजे इथल्या हिशेबानं सख्खाच. त्यामुळं तो लांबच थांबला आणि डुक्कर भाजायच्या खड्ड्याकडे बघत बोलला.

“लुपे, आत्या अडकलीय. तोंड उघडं ठेवून थांबलीय नुसती. फोन दे.”

“कमरेला आहे. सुतकाची चटई आज सोडता येत नाही. तू काढून घेतोस?”

मास्तरचे कान लाल झाले. बहिणीच्या कमरेचं नावसुद्धा भावानं काढायचं नसतं.

“मग तू तरी चल तिकडं.”

“मला कुणी हाकललं ते ऐकलंस ना? रीत मोडू म्हणतोस?”

बायका धूर लागल्यासारख्या खोकल्या. मास्तर आल्या पावली परत गेला. घरातून हाविलीचा आवाज पुसट आला. काय हवं ते सांगावं, असं तो पडद्याला पुन्हा पुन्हा विचारत होता. म्हातारा काही रविवारी बापाजवळ बसून गेला होता, तो काळा पडदा त्यानंही पाहिला होता. शेवटी तो चुलाणापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, “मानकरणीनं काही मागितलं नाही. पेटी लावा.”

हातोडीचे ठोके ऐकत लुपेनं कंद सोलला.

कबरीवर वाळू लोटून झाली, लोक पांगले, तेव्हा तिची कंबर कधीची थरथरत होती. तिनं दोन बोटांनी मोबाइल अलगद बाहेर काढला आणि फोन घेतला. पडद्यावर आत्या होती. चटई कुठाय म्हणून ओरडत होती.

लुपेनं मोबाइल वाळूच्या ढिगाकडे वळवला आणि आत्याला नीट बघू दिलं. मग पडदा आपल्याकडे फिरवून ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “इथं लाइन नीट येत नाही हो, आत्या.”