कोबीसारखा गुलाब

"हे फूल आहे?" घरमालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मला वाटलं, कोबी सोलून ठेवलाय."

"गुलाब आहे," भाडेकरू म्हणाला.

"गुलाबाला कळू देऊ नका म्हणजे झालं."

भाडेकरू मान खाली घालून हसला. सुरुवात तर झकास झाली होती.

बाईंचं जेवणाचं टेबल चांगलं ऐसपैस होतं आणि वरच्या दोन खोल्यांत धड स्टूल मावत नव्हतं. म्हणून मुलीच्या वाढदिवसाची सजावट इथे बसून करू का, असं त्यानं विचारलं होतं. ते खोटं नव्हतं. नुसतं अर्धं होतं.

उरलेलं अर्धं असं, की तो फिजिओथेरपिस्ट होता. बाईंचं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, पण उजव्या हाताची बोटं काही उघडेनात. जन्मभर शाळेत हस्तकला शिकवलेल्या त्या हाताला आता म्हणे चमचा पेलत नव्हता. व्यायाम शिकवायला आलेल्यांना बाईंनी दारातूनच वाटेला लावलं. "रबरी चेंडू पिळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?" शेवटी परगावी राहणाऱ्या लेकानं नव्या भाडेकरूला फोन करून गळ घातली. बोटं आत्ता हलली नाहीत तर कायमची आखडतील. काहीतरी करा, पण तुम्ही कोण ते तिला कळू देऊ नका. बाईंच्या लेखी हा कुठल्याशा ऑफिसात फायली सरकवणारा गडी होता.

"तूही बोलायचं नाहीस हं," त्यानं मुलीला बजावलं होतं.

"मी कुणाचंच गुपित फोडत नाही," दुसरीतली ती लेक ठसक्यात म्हणाली होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो कात्री, डिंक आणि क्रेप कागद घेऊन खाली यायचा आणि कागदाचं मनापासून वाटोळं करायचा. झालर कापली की तिरकी, पताका चिकटवली की उलटी. बाई उजवा हात शालीत गुंडाळून समोर बसायच्या आणि तोंडाचा पट्टा सोडायच्या.

"ही कात्रीच बोथट आहे," तो म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं! अहो, कात्री जागेवर ठेवायची, कागद फिरवायचा. कागद फिरवा म्हणते ना!"

त्यानं दोन्ही फिरवलं. बाईंना ते बघवेना. शालीतून हात बाहेर आला. ओठ घट्ट मिटून त्यांनी ताठरलेला अंगठा कात्रीच्या कडीत घातला आणि एक पाकळी कापली. वेडीवाकडी, पण कापली. त्याला इतका आनंद झाला की तो लपवायला तो टेबलाखाली डिंकाचं झाकण शोधू लागला.

"दुखतंय का?" त्यानं खालूनच विचारलं.

"तुमचा गुलाब बघून जास्त दुखतंय."

मग गाडी रुळावर आली. आज चिमटीत धरून पाकळ्या ताणायच्या, उद्या देठाच्या तारेला हिरवी पट्टी गुंडाळायची, परवा कागदी पंख्याच्या घड्या बोटांनी दाबून बसवायच्या. हे व्यायाम आहेत याची बाईंना गंधवार्ता नव्हती. बोटं एकेक करून सुटत गेली, अगदी पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. स्वतःवर तो बेहद्द खूश होता. एकच गोष्ट त्याला उमगेना. "आता संपलंच की काम," असं तो म्हणाला, की दुसऱ्या दिवशी बाईंची बोटं पुन्हा आखडायची. मग आणखी पंखे करायला घ्यावे लागायचे, आणखी चहा व्हायचा.

पण एवढं सगळं जमणाऱ्या त्या माणसाला मुलीची वेणी मात्र जमायची नाही. ते तिच्या आईचं काम होतं, आणि आई जाऊन वर्ष होत आलं होतं. सकाळी तो कशीबशी शेपटी बांधून द्यायचा, शाळेला जाईपर्यंत ती सुटायची. मुलगी शाळेतून आली की खाली बाईंकडेच थांबायची. संध्याकाळी तो कामावरून येई तेव्हा तिच्या दोन वेण्या घट्ट, चापूनचोपून घातलेल्या असत. स्कूलबसमधल्या मावशी घालत असतील, असं त्यानं धरून चाललं होतं. भली बाई, एकदा आभार मानायला हवेत, असं तो रोज ठरवायचा आणि विसरायचा.

वाढदिवस रविवारी आला. बाईंची बैठकीची खोली पताकांनी, पंख्यांनी आणि गुलाबांनी नुसती फुलून गेली होती. मधोमध, केकच्या वरती, तो कोबी टांगलेला होता. तो बाईंनी हट्टानं टाकू दिला नव्हता. शेजारपाजारची पोरं नाचली, मुलगी पोट धरधरून हसली. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. लेकाचा फोन आला तेव्हा बाईंनी तो उजव्या हातात धरला. "तुम्ही जादू केलीत हो," लेक नंतर भाडेकरूला म्हणाला. 

आता खरं सांगून टाकावं, म्हणून तो बाईंजवळ गेला. "बाई, एक सांगायचं होतं. मी खरं म्हणजे..."

"आधी केक खा," बाई म्हणाल्या. "आणि उद्या वेळेवर या. पताका नीट घडी घालून ठेवायच्यात."

पाहुणे पांगल्यावर तो मुलीला घेऊन जिना चढू लागला. पुढे चालणाऱ्या तिच्या वेण्यांत नखाएवढे गुलाबी कागदी गुलाब गुंफलेले होते. आज तर शाळा नव्हती. बसही नव्हती.

"वेणी कुणी घातली गं?"

"आजीनं."

"बघ! हात अगदी बरा झाला की नाही आजीचा?"

"रोज तीच घालते की. तू कोबी केलास ना बाबा, त्याच्याही आधीपासून."

तो पायरीवरच थांबला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"सजावट संपेपर्यंत गुपित होतं," मुलगी म्हणाली. "आजी म्हणाली, पेशंट बरा झाला की डॉक्टर यायचे बंद होतात."