स्वप्नाचा रकाना

प्रवेशाचा सल्ला देणं हा माझा धंदा. प्रत्येक मुलाची कॉलेजं मी तीन रकान्यांत लिहितो: खात्री, शक्य आणि स्वप्न. स्वप्न म्हणजे जिथे नंबर लागणार नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो; पालकांना सांगायचं राहून जातं. समोरच्या मुलीचे गुण पाहिले आणि आठच्या आठ कॉलेजं स्वप्नात टाकली. शेजारी तिचे बाबा, लिफ्ट दुरुस्त करणारे, कामावरून तसेच आलेले. ग्रीसचं बोट कागदाला लागू न देता त्यांनी मोजलं. “आठही स्वप्नातली? आणि तुझी आत्या नाक मुरडत होती!” त्यांनी अभिमानाने लेकीकडे पाहिलं. मी घसा खाकरला. मुलीने माझ्याकडे बघत मानेनेच ‘नको’ म्हटलं. मग त्यांचं बोट पहिल्या रकान्यावर थांबलं. “साहेब, खात्रीत एकही कसं नाही?” तिने कागदाची घडी घातली. “आता त्याची गरज नाही, बाबा.”