हिरवा तुकडा

उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचे नकाशे रंगवायचे, हे धाकटीचं काम. आज स्क्रीनवर तिचंच गाव आलं आणि तिचा जळफळाट झाला. दोघी बहिणींच्या शेताचे तुकडे लागून, दोन्ही कसते ताईच. पण ताईचा तुकडा हिरवागार आणि हिचा पिवळा पडलेला!

"तुझं काय नि माझं काय, म्हणे! माझा वाळवला नि स्वतःचा पोसला!" धुसफुसत, नकाशाच्या पडताळणीचं निमित्त काढून ती थेट बांधावर जाऊन उभी राहिली.

तिच्या तुकड्यात गहू कापणीला आला होता. ताईच्या तुकड्यात कमरेएवढं तण माजलं होतं.

"तिकडे बघू नकोस गं," ताई ओशाळून म्हणाली. "गुडघ्यांनी दगा दिला यंदा. एकच तुकडा पेरता आला."