आडवा तुकडा

आडवा तुकडा यंत्राच्या जबड्यात अर्ध्या भारालाच मोडला, तेव्हा तपासनिसाने भाराचा काटा बिघडला असे समजून दुसरा तुकडा लावला. तोही मोडला. तिसराही.

काचेचे धागे रेझिनमध्ये बुडवून, तापल्या साच्यातून ओढून काढलेला तो चॅनेल, म्हणजे पन्हळीच्या आकाराची तुळई, धाग्यांच्या उभ्या दिशेने हत्तीचे ओझे पेलत असे. आडवे बळ मात्र धाग्यांवर नव्हे, त्यांच्या दोन्ही अंगांना घालायच्या काचेच्या चटयांवर अवलंबून असते. साचा तुंबू नये म्हणून कोणीतरी कधीतरी त्यांतली एक चटई वगळली होती. आडवे तुकडे कापणे किचकट. म्हणून आडव्या बळाचा आकडा पहिल्या मंजूर नमुन्यावरून उतरवून घेण्याची कारखान्याची रीत होती, आणि तपासनिसाने ती अकरा खेपा इमानाने पाळली होती. या बाराव्या खेपेला गिऱ्हाइकाने मोडलेले तुकडेच मागितले, म्हणून यंत्राला प्रथमच खरे काम पडले.

कारखाना तपासनिसाच्या मामांचा. ते आले, तुकडे उलटसुलट करून पाहिले. हा माल पाठवता येणार नाही, असे भाच्याने सांगितले. मामांनी हरकत घेतली नाही. खुर्ची ओढून बसले.

"लिही नापास. मग ते विचारतील, आधीचे अकरा पास कसे झाले. त्यांच्यावर सही कुणाची आहे, भाचेबुवा?"

त्या अकरा खेपांचा एव्हाना गिऱ्हाइकाच्या आम्लाच्या टाक्यांवरून जाणारा पूल झाला होता. सहा महिने उभा आहे, पडला का, असे मामांनी विचारले. खरेपणाला मुहूर्त लागत नाही हे कबूल, पण बाराव्या खेपेचा मुहूर्त अंमळ उशिराचाच, असेही सुनावले. दोन्ही चटया घालून हातभर चॅनेल काढायला त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. गिऱ्हाइकाला पाठवायचे तीन तुकडे त्यातून सहज निघाले असते. जाताना त्यांनी दार लोटलेसुद्धा नाही. भाचा कुठे जाणार नाही, याची त्यांना खात्री होती.

भाच्याने समोरचा चाचणीचा कोरा दाखला दूर सारला आणि गिऱ्हाइकाच्या फिटरला फोन लावला. त्याने सुरुवात केली. टाक्यांवरच्या त्या पुलाविषयी थोडे बोलायचे आहे, तो पूल ताबडतोब—

"काही ऐकू येत नाही हो," फिटर ओरडून म्हणाला. "खाली पंपांचा गोंगाट आहे. थांबा, पुलावर जातो. आम्ही सगळे बोलायला तिथंच जातो."

"नको. वर जाऊ नका."

पण फिटरने फोन कानापासून दूर नेला असावा. लोखंडी जिना चढणारी पावले तेवढी ऐकू येत राहिली.