एकच चमचा

कॅलिफोर्नियातल्या त्या छोट्या कारखान्यात वाटाण्याची चॉकलेटी प्रोटीन पावडर तयार होई, आणि माल तपासणाऱ्या व्हर्नाची सही झाल्याशिवाय एकही डबा बाहेर पडत नसे. एका सकाळी प्रयोगशाळेचा कागद आला. लेबलावरच्या रोजच्या दोन चमच्यांत शिसं कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं.

"नऊ हजार डबे कचऱ्यात ओतू म्हणतेस?" मालक कर्टिस तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "अगं, मर्यादा दिवसाची असते ना? मग लेबलावर दोनाऐवजी एकच चमचा छापू. शिसं आपोआप निम्मं!"

"पण पावडर तीच राहते, कर्टिस."

"राहू दे की! कायद्यात बसते ना? कर सही, उगाच संत होऊ नकोस."

व्हर्नाने आकडेमोड तीनदा करून पाहिली. एका चमच्यातलं शिसं खरोखरच मर्यादेच्या आत बसत होतं. शेवटी तिने सही केली.

महिन्याभराने ती लेकीकडे गेली. टेसला सहावा महिना लागला होता, आणि मांस तिने कधीच सोडलं होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नव्या लेबलाचा तोच डबा होता.

"तुझ्या सहीचा माल म्हणून मुद्दाम आणला बघ," टेस हसत म्हणाली.

व्हर्नाने डबा उचलून लेबल पाहिलं. "किती चमचे घालतेस गं?"



"अगं आई, तुमच्या एका चमच्यात दहाच ग्रॅम प्रोटीन आणि डॉक्टर म्हणतात पावडरीतून रोज वीस हवं, म्हणून मी दोन घालते, आणि बाळाच्या वाटणीचा एक वेगळा."